पार्सलने आलेली अंडी उबवताना

शेजारच्या खुराड्यातून आणलेली दहा अंडी खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली ठेवली तर आठ-नऊ पिल्लं सहज निघतात. तशीच दहा अंडी झाबुआहून इंदूर-धुळे मार्गे दोन दिवस हादरे खात आली, तर पाच पिल्लं निघाली तरी पार्सल चांगलं आलं म्हणायचं. पहिल्यांदा अंडी मागवणारे बहुतेक जण जितकी अंडी तितकी पिल्लं असा हिशेब धरून पैसे भरतात. निम्मी अंडी गेली की विकणाऱ्याशी भांडतात आणि पुन्हा या वाटेला जात नाहीत. खरं तर अशी बरीच अंडी वाचवता येतात. त्यासाठी गावातल्या अंड्यांचे नियम बाजूला ठेवावे लागतात.

इथे उदाहरण कडकनाथचं घेतलं आहे. मध्य प्रदेशातलं झाबुआ हे या जातीचं मूळ ठिकाण. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकनही मिळालं. महाराष्ट्रातली हौशी मंडळी या जातीची अंडी बाहेरून मागवतात आणि कडकनाथ मादी स्वतः क्वचितच खुडूक बसते, म्हणून अंडी उबवायच्या यंत्राची (इन्क्युबेटरची) गरज पडतेच. असील किंवा दुसरी कुठली देशी जात मागवलीत तरी पद्धत हीच. वनराजा आणि गिरिराजा मात्र संकरित आहेत. गावातल्या वनराजाच्या कळपातली अंडी आणून उबवली तर पिल्लं आईबापासारखी निघतीलच असं नाही. अशांची एक दिवसाची पिल्लं खात्रीच्या केंद्रातून घेतलेली बरी.

मागवण्याआधी

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. यात तडजोड करू नका. उबवायची अंडी १५ ते १८ अंशांत सुखरूप राहतात. पंचविशीच्या बऱ्याच वर तापमान गेलं की आतला गर्भ वाढायला लागतो, पण पुरेशी ऊब नसल्यामुळे ती वाढ धड होत नाही आणि गर्भ अशक्त होऊन मरतो. एप्रिलमध्ये धुळ्याच्या उन्हात उभ्या असलेल्या पार्सलच्या गाडीत काय होत असेल याचा विचार करा. अंडं वरून अगदी ताजं दिसतं, पण आतला जीव वाटेतच गेलेला असतो.

विकणाऱ्याला चार गोष्टी विचारा. अंडी कोणत्या तारखांची आहेत? सात दिवसांपेक्षा जुनी अंडी घेऊ नका, आणि प्रवासाचे दिवस त्यातच धरा. एका कोंबड्यामागे माद्या किती? आठ-दहा ठीक, पंधरा-वीस असतील तर बरीच अंडी कोरी (गर्भ न धरलेली) निघतील. माद्यांचं वय काय? तलंगांची (नुकत्याच अंडी घालू लागलेल्या कोंबड्यांची) पहिली-पहिली अंडी लहान असतात आणि त्यांतली पिल्लं कमजोर निघतात, ती नकोत. आणि अंडी फ्रीजमध्ये ठेवली होती का? विकणारा या प्रश्नांवर चिडला तर दुसरा शोधा.

आजाराचंही विचारा. पुलोरम आणि मायकोप्लाझ्मा हे आजार अंड्यातूनच पिल्लात उतरतात. ज्याच्याकडे पिल्लं पांढरं हगून मरत होती, त्याच्याकडची अंडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये २००६ साली बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या होत्या. अशा वेळी बाधित भागातून अंडी-कोंबड्यांची ने-आण बंद केली जाते. पाठवणाऱ्याच्या किंवा तुमच्या जिल्ह्यात तशी बातमी असेल तर हंगाम सोडून द्या.

कडकनाथच्या बाबतीत आणखी एक सांगायलाच हवं. पक्षी घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, अशा हमीवर शेतकऱ्यांची केवढी मोठी फसवणूक झाली ते २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात सगळ्यांनी पाहिलं. अंडी मागवा ती स्वतःच्या खुराड्यासाठी. पहिल्या खेपेला डझन-दोन डझन पुष्कळ झाली.

पॅकिंग कसं हवं ते पाठवणाऱ्याला लिहून कळवा. प्रत्येक अंडं वेगळं गुंडाळलेलं, निमुळतं टोक खाली, अंड्यांची पेटी दुसऱ्या मोठ्या पेटीत आणि दोन्ही पेट्यांच्या मध्ये चारी बाजूंनी दोन बोटं तरी भाताचं तूस किंवा कागदाचे बोळे. पेटी हलवली की आत काहीही हलता कामा नये. गुरुवारी-शुक्रवारी पाठवलेलं पार्सल रविवारी गोदामात पडून राहतं, म्हणून सोमवारी पाठवायला सांगा. आणि घरपोच मागवू नका. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येवो की कुरियरने, पार्सल ऑफिसात जाऊन स्वतः उचला. शेवटच्या टप्प्यात मोटरसायकलवर लादलेल्या पोत्यातून येताना जे हादरे बसतात ते आधीच्या सगळ्या प्रवासापेक्षा वाईट असतात.

यंत्र आधी, अंडी नंतर

अंडी निघाल्याचा फोन आला की त्याच दिवशी यंत्र रिकामंच चालू करा. दोन दिवस तापमान एका जागी टिकतंय का ते बघा. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस हवं. पंखा नसलेल्या यंत्रात वरची हवा गरम आणि खालची थंड राहते, त्यामुळे अंड्याच्या वरच्या टोकाच्या पातळीला मोजून ३८.५ च्या आसपास ठेवा. पार्सलची अंडी उभी ठेवायची असतात, म्हणजे ही पातळी आडव्या अंड्यांपेक्षा वर येते. थर्मामीटर तिथेच लटकवा.

स्वस्त यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. घरात ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर असतो, तो या कामाला उत्तम. वाटीत कोमट पाणी घ्या, दोन्ही थर्मामीटर त्यात शेजारी-शेजारी धरा आणि पाणी ३७-३८ अंशांवर असताना फरक बघून कागदावर लिहून यंत्राला चिकटवा. एका अंशाची चूक एकवीस दिवस चालली तर पिल्लं एक तर लवकर आणि अधू निघतात, नाही तर उशिरा आणि सुस्त.

आर्द्रता मोजायचा मीटर तपासायला मीठ पुरतं. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घेऊन त्यात चार थेंब पाणी घाला. मीठ ओलं व्हावं, विरघळू नये. झाकण आणि मीटर घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत सात-आठ तास ठेवा. मीटरने ७५ टक्के दाखवायला हवेत. ८१ दाखवत असेल तर पुढे नेहमी सहा वजा करा.

यंत्राची जागा आतल्या खोलीत असावी, खिडकीच्या उन्हापासून आणि दाराच्या वाऱ्यापासून लांब.

पार्सल उघडल्यावर

इथून पुढचे चोवीस तास सगळ्यात मोलाचे. प्रवासात अंड्याचं आतून नेमकं काय बिघडतं ते आधी समजून घ्या.

अंड्याच्या रुंद टोकाला कवचाच्या आत दोन पातळ पापुद्रे असतात. घातलेलं अंडं थंड होत जातं तसा आतला ऐवज आकसतो आणि या दोन पापुद्र्यांच्या मध्ये हवेची पोकळी तयार होते. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू याच पोकळीत चोच खुपसून पहिला श्वास घेतं. गाडीच्या हादऱ्यांनी आतला पापुद्रा सुटत जातो. मग पोकळी एका बाजूला घसरते, किंवा पार सुटून अंडंभर फिरायला लागते. अशा अंड्यातलं पिल्लू वीस दिवस नीट वाढतं आणि श्वास घ्यायच्या वेळी त्याच्या चोचीसमोर हवा नसते. भरलेली पिल्लं शेवटच्या दोन दिवसांत अंड्यातच मेलेली सापडतात, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असतं.

पेटी खुराड्यापासून लांब उघडा. आतलं तूस आणि कागद जाळून टाका, कोंबड्यांपर्यंत जाऊ देऊ नका. एकेक अंडं हलक्या हाताने काढा आणि कागदी ट्रेमध्ये निमुळतं टोक खाली करून उभं ठेवा. थंडीत आलेल्या अंड्यांना घरात आल्यावर घाम येतो. तो पुसू नका, पंख्याशिवाय आपोआप सुकू द्या. धुवायची तर अजिबात नाहीत. कवचावर निसर्गतः एक पातळ लेप असतो, तो जंतूंना आत जाऊ देत नाही. धुतलं की तो जातो. शेण लागलेलं असेल तर नखाने खरवडून काढा. फार माखलेलं अंडं सरळ बाद करा.

आता खोलीत अंधार करून बॅटरी मारून बघा. बुटांच्या खोक्याला रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं लहान भोक पाडा, आत मोबाइलचा टॉर्च लावून ठेवा आणि त्या भोकावर अंड्याचं रुंद टोक टेकवा. कडकनाथचं कवच फिकट तपकिरी असतं, आतलं स्पष्ट दिसतं. वरच्या बाजूला उजळ टोपीसारखा भाग दिसेल, ती हवेची पोकळी. अंडं अगदी सावकाश डावीकडे, मग उजवीकडे थोडंसं कलवा. टोपी जागची हलली नाही तर उत्तम. तिची एक कड खाली घसरून पुन्हा वर येत असेल तर पापुद्रा एका बाजूने सुटलाय. आणि गवंड्याच्या लेव्हलमधल्या बुडबुड्यासारखी पोकळी इकडून तिकडे पळत असेल तर ती पूर्ण सुटलेली आहे. पेन्सिलीने (शाईच्या पेनाने नाही) पोकळीची कड कवचावर आखा आणि अंड्यावर आकडा टाका. घट्ट, घसरलेली, सुटलेली, अशी नोंद वहीत करा.

सुटलेली अंडी टाकून देऊ नका. अशांतूनही पिल्लं निघतात, कमी निघतात इतकंच. तडा गेलेलं अंडं मात्र मी ठेवायला सांगणार नाही. काही जण तड्यावर मेणबत्तीचं मेण लावून उबवतात आणि एखादं निघतंही, पण ते अंडं सडून यंत्रात फुटलं तर शेजारची धडधाकट अंडीही हातची जातात.

बघून झालं की अंडी तशीच उभी, खोलीतल्या थंड कोपऱ्यात पूर्ण चोवीस तास ठेवा. फिरवायची नाहीत, कलवायची नाहीत, पुन्हा बॅटरी मारायची नाही. यंत्र गरम आहे, अंडी आधीच जुनी होत आहेत, मग उशीर कशाला, असं वाटणं साहजिक आहे. तरीही थांबा. घसरलेल्या पोकळ्या या विश्रांतीत बऱ्याचदा पुन्हा जागेवर बसतात. पाचवीला संध्याकाळी पार्सल आलं तर सहावीला संध्याकाळी अंडी यंत्रात घाला.

पहिला आठवडा

यंत्रासोबत आलेला रूळांचा ट्रे, ज्यावर अंडी आडवी लोळतात, तो काढून ठेवा. पार्सलची अंडी कागदी किंवा प्लास्टिकच्या अंड्यांच्या ट्रेमध्ये उभीच ठेवायची. कागदी ट्रेच्या प्रत्येक खोलग्याच्या तळाला कात्रीने भोक पाडा म्हणजे खालून हवा खेळेल.

ज्यांची पोकळी घट्ट आहे ती अंडी यंत्रातल्या पहिल्या चोवीस तासांनंतर कलवायला सुरुवात करा. घसरलेली आणि सुटलेली अंडी पूर्ण तीन दिवस हलवू नका. त्यापुढे मात्र थांबू नका. कोंबडी उगाच अंडी फिरवत नाही. न फिरवलेल्या अंड्यात गर्भ पापुद्र्याला चिकटतो आणि रक्तवाहिन्यांचं जाळं नीट पसरत नाही. फिरवण्याची सगळ्यात जास्त गरज साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत असते. पाच-सहा दिवस हात न लावण्याचा सल्ला काही जण देतात, मला तो पटत नाही.

अंडी उभी असताना फिरवायची म्हणजे ट्रे कलवायचा. ट्रेच्या एका बाजूखाली लाकडी ठोकळा सरकवून ४५ अंशांपर्यंत कल द्या. काही तासांनी ठोकळा दुसऱ्या बाजूखाली. दिवसातून तीन किंवा पाच वेळा, विषम आकडा ठेवा, म्हणजे रात्रीचा लांब मुक्काम रोज वेगळ्या कुशीवर होतो. धक्का न देता, सावकाश. अठराव्या दिवसापर्यंत हे चालू ठेवायचं.

दिवस मोजण्यात नवखे हमखास गोंधळतात. सहावीला संध्याकाळी घातली तर तो दिवस शून्य. सातवीच्या संध्याकाळी एक दिवस पूर्ण. अठरावा दिवस चोवीस तारखेला, एकविसावा सत्तावीसला. कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

पाणी किती घालायचं

"आर्द्रता ५०-५५ ठेवा" एवढंच सगळे सांगतात. पार्सलच्या अंड्यांना सुरुवातीच्या अठरा दिवसांत याहून थोडी कोरडी हवा मानवते, ४० ते ४५ टक्के. हवा कोरडी असली की अंड्यातलं पाणी थोडं जास्त उडतं, पोकळी मोठी होते आणि पिल्लाला ती गाठणं सोपं जातं.

यंत्रात पाणी घालायचं की नाही ते तुम्ही कुठे राहता यावर ठरतं. बाहेरची हवा यंत्रात शिरून गरम झाली की तिची आर्द्रता टक्क्यांत घसरते. रत्नागिरीत पावसाळ्यात खोलीत २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा ३७.५ अंशांवर साधारण ४७ टक्क्यांवर येते. म्हणजे थेंबभरही पाणी न घालता यंत्र आधीच हव्या त्या आकड्याच्या वर आहे. उलट नागपूर-अकोल्याकडे जानेवारीत खोलीत २० अंश आणि ४० टक्के असेल तर यंत्रात जेमतेम १५ टक्के उरतात, तिथे पाण्याची वाटी हवीच. त्यामुळे कोकणातल्या माणसाने विदर्भातल्या मित्राचं ऐकून पाणी भरलं तर पिल्लं अंड्यातच बुडतात. आर्द्रता वाढवायची तर पाण्याची खोली वाढवून उपयोग नाही, पसरट भांडं ठेवून पाण्याचा पृष्ठभाग वाढवा.

मीटरपेक्षाही खरं सांगतो तो वजनकाटा. अठरा दिवसांत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के घटायला हवं. कडकनाथचं अंडं साधारण ४५ ग्रॅमचं धरलं तर डझनाचे ५४० ग्रॅम होतात. अठराव्या दिवशी तीच बारा अंडी ४७० ते ४८० ग्रॅमच्या दरम्यान यायला हवीत. सातव्या दिवशी सुमारे २५ ग्रॅम घट दिसली तर गाडी रुळावर आहे. १५ ग्रॅमच घटले असतील तर पाणी काढून टाका. ३५ घटले असतील तर भांडं मोठं करा. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरेसा आहे. फक्त मधे बाद केलेल्या अंड्यांचं वजन हिशेबातून वगळायला विसरू नका, त्यासाठी सुरुवातीला प्रत्येक अंड्याचं वजन त्याच्या आकड्यापुढे लिहून ठेवलेलं बरं.

बॅटरी कधी मारायची

सातव्या दिवशी आणि चौदाव्या दिवशी. रोज नाही.

सातव्या दिवशी जिवंत अंड्यात मधोमध एक काळा ठिपका आणि त्यातून चहूकडे पसरलेल्या लाल शिरा दिसतात. अंडं क्षणभर स्थिर धरलं तर ठिपका हलतानाही दिसतो. ज्याने हे पहिल्यांदा पाहिलं त्याला पुढचे चौदा दिवस यंत्रापासून लांब ठेवणं अवघड जातं, पण झाकण जितकं कमी उघडाल तितकं चांगलं. शिरांऐवजी कवचाच्या आत लाल रंगाचं कडं दिसलं तर गर्भ सुरुवातीलाच मेला. काहीच नाही, नुसता बलकाचा पिवळसर ढग दिसला तर अंडं कोरं, नाही तर गर्भ वाटेतच गेलेला. ही दोन्ही प्रकारची अंडी काढून टाका. शंका असेल ते अंडं राहू द्या, चौदाव्या दिवशी निकाल लागेल. वास येणारं किंवा कवचावर ओलसर थेंब आलेलं अंडं मात्र त्याच क्षणी बाहेर.

चौदाव्या दिवशी पोकळी सोडून बाकी अंडं बरंचसं काळं दिसतं. पोकळीची नवी कड पेन्सिलीने आखा. घसरलेली पोकळी तिरकीच राहिली असेल तर तिचा सगळ्यात खाली उतरलेला भाग कोणत्या बाजूला आहे तिथे फुली मारा. शेवटी ती कामाला येते.

वीज गेली तर

लोडशेडिंग आपल्याकडे पाहुण्यासारखं येत नाही, ते घरातलंच आहे, म्हणून तयारी आधीच हवी. लहान यंत्र फार वीज खात नाही, घरच्या इन्व्हर्टरवर रात्र निघते. इन्व्हर्टर नसेल तर झाकण अजिबात न उघडता यंत्रावर गोधडी टाका. हवेची भोकं मोकळी ठेवा, विशेषतः दुसऱ्या आठवड्यानंतर, कारण तोपर्यंत पिल्लं स्वतः उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड सोडायला लागलेली असतात. वीज जास्तच वेळ गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवा.

दोन-तीन तास थंडावलेली अंडी सहसा सावरतात, पिल्लं थोडी उशिरा निघतात. कोंबडीसुद्धा चरायला उठतेच. जास्त तापलेली अंडी मात्र सावरत नाहीत. ४१ अंशांवर तासभर गेला तर नुकसान झालंच समजा. वीज आल्यावर घाबरून तापमान वाढवू नका, ते आधीच्याच आकड्यावर राहू द्या.

अठरावा दिवस

कलवणं बंद. आर्द्रता ६५ ते ७० टक्के करा, म्हणजे पिल्लू कवच फोडत असताना आतला पापुद्रा वाळून त्याच्या अंगाला चिकटणार नाही. शेवटचं एकदा बॅटरी मारून मेलेली अंडी काढा आणि झाकण लावा.

घट्ट पोकळीची अंडी जाळीवर आडवी ठेवली तरी चालतात. घसरलेली आणि सुटलेली शेवटपर्यंत ट्रेमध्ये उभीच ठेवा. ट्रेच्या कडा कापून बुटक्या करा, म्हणजे हवा लागेल आणि पिल्लाला बाहेर पडता येईल. तिरक्या पोकळीचं एखादं अंडं आडवं ठेवावंच लागलं तर फुलीची बाजू वर करा. ट्रेखाली जाळी किंवा गोणपाटाचा तुकडा अंथरा. गुळगुळीत प्लास्टिकवर पिल्लांचे पाय फाकतात आणि तसेच राहतात.

पिल्लं निघताना

विसाव्या दिवशी कान देऊन ऐकलं तर अंड्यातून चिवचिव ऐकू येते, म्हणजे चोच पोकळीत पोचली. मग कवचावर चांदणीसारखी पहिली चीर पडते. त्यानंतर बारा ते चोवीस तास काहीच घडत नाही असं वाटतं. त्या वेळात पिल्लू स्वस्थ पडून असतं, कवचाच्या पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. याच वेळी अधीर माणूस झाकण उघडून कवच सोलायला जातो, रक्त निघतं आणि पिल्लू मरतं. चीर पडून चोवीस तास होईपर्यंत हात लावू नका.

प्रवासातल्या अंड्यांची पिल्लं दिवसभर उशिरा निघू शकतात, बावीस दिवस पूर्ण होईपर्यंत यंत्र बंद करायचं नाही. काही पिल्लं निमुळत्या टोकाकडूनही चीर पाडतात. अशा अंड्यात चोचीपुढे भोक उघडं आहे एवढंच बघा आणि ते अंडं चिरेची बाजू वर राहील असं ठेवा.

मदत करायचीच वेळ आली तर ती अशी करा. चीर पडून पूर्ण दिवस उलटलाय, पिल्लू ओरडतंय पण पुढे सरकत नाही, आणि पापुद्रा पांढरा, कोरडा दिसतोय. तेव्हा कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने पापुद्रा ओला करा आणि चिरेच्या भोवतालचं कवच नखभर काढा. लाल शीर दिसली की थांबा, अंडं परत आत ठेवा, चार-पाच तासांनी पुन्हा बघा. शेवटचा ढकला पिल्लाचाच असू द्या.

निघालेली पिल्लं अंग सुकून फुलेपर्यंत यंत्रातच राहू द्या. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज निभावतात, त्यामुळे बाकीची अंडी फुटत असताना झाकण उघडायची घाई नको. कडकनाथची एक दिवसाची पिल्लं निळसर-काळी असतात आणि पाठीवर गडद, वेड्यावाकड्या रेघा असतात. पिवळ्या पायांची पिल्लं निघाली तर जात शुद्ध नाही. विकणाऱ्याला फोटो पाठवून विचारा.

बाहेर काढल्यावर पहिला आठवडा ३३ ते ३५ अंश ऊब द्या आणि दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जा. आधी गुळाचं कोमट पाणी, दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा किंवा पिल्लांचं तयार खाद्य. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची येते आणि कालवल्यावर दोनेक तासांत वापरून संपवावी लागते. त्यामुळे गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून, शेजारच्या दोन-चार कोंबडीवाल्यांना सोबत घेऊन एकाच दिवशी लसीकरण ठरवा.

न निघालेली अंडी उघडा

हे काम नकोसं वाटतं, पण पुढच्या खेपेसाठी सगळ्यात जास्त माहिती यातूनच मिळते. तेविसाव्या दिवशी उरलेली अंडी घराबाहेर नेऊन, नाकाला फडकं बांधून, रुंद टोकाकडून एकेक फोडा आणि वहीतल्या आकड्यापुढे काय सापडलं ते लिहा. पूर्ण भरलेलं पिल्लू, चोच पोकळीत न पोचलेली आणि वहीत त्या अंड्यापुढे "सुटलेली" असं लिहिलेलं असेल, तर पॅकिंग किंवा गाडी बदलायला हवी. भरलेलं पिल्लू, पण आत पाणीच पाणी, तर आर्द्रता जास्त होती. पहिल्या चार-पाच दिवसांत मेलेले गर्भ पुष्कळ निघाले तर अंडी जुनी होती किंवा वाटेत तापली. घट्ट पोकळीची अंडी मोठ्या संख्येने कोरी निघाली तर कोंबड्यामागे माद्या जास्त असाव्यात. ही नोंद विकणाऱ्याला पाठवा. चांगला माणूस असेल तर तोही त्याच्याकडच्या तारखा आणि पॅकिंग तपासून बघेल. उघडलेली अंडी चुना टाकून खोल पुरा, यंत्र साबणाच्या पाण्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि मगच पुढच्या पार्सलचे पैसे भरा.